न आलेले अर्ज

आमच्या विभागात प्रोजेक्ट असिस्टंटची जागा निघाली आणि जाहिरात लिहायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. मी लिहिलं: 'प्रोजेक्ट असिस्टंट पाहिजे. उमेदवार महत्त्वाकांक्षी, स्पर्धेत टिकणारा आणि टीमचं नेतृत्व करणारा असावा. एक्सेल उत्तम येणे आवश्यक. पगार योग्यतेनुसार.'

पाच मिनिटांत काम फत्ते! मग पुन्हा वाचलं आणि ओशाळले. कारण मी पीएचडी करतेय तीच मुळी नोकरभरतीवर.

डॅनिएल गोशे, जस्टिन फ्रीसन आणि एरन के यांचा २०११ सालचा एक शोधनिबंध आमच्याकडे सगळे वाचतात. एकाच नोकरीच्या जाहिराती त्यांनी दोन प्रकारच्या शब्दांत लिहिल्या. 'स्पर्धा', 'वर्चस्व', 'नेतृत्व' अशा, समाज पुरुषांशी जोडतो त्या शब्दांनी भरलेली जाहिरात स्त्रियांना कमी आवडली. का? 'हे काम मला जमणार नाही' म्हणून नव्हे, तर 'इथे आपलं कोणी नसेल' असं वाटलं म्हणून.

हा अभ्यास इंग्रजी जाहिरातींचा. मराठीत तर आपलं क्रियापदच बोलतं. 'टिकणारा', 'करणारा', 'असावा': माझ्या तीन ओळींत उमेदवार पुरुषच होता, आणि लिहिणारी मी बाई!

आता 'पगार योग्यतेनुसार'. आंद्रेआस लाइब्रांट आणि जॉन लिस्ट यांनी अमेरिकेत खऱ्या नोकऱ्यांच्या जाहिराती देऊन प्रयोग केला (२०१५). पगाराबद्दल बोलणी होऊ शकतात असं लिहिलेलं नव्हतं, तेव्हा जास्त पगार मागण्यात पुरुष पुढे होते. ते स्पष्ट लिहिल्यावर हा फरक नाहीसा झाला. म्हणजे मोघम ओळीचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं सरळच छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि पुण्यात नोकरी मिळवली. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण ती जाहिरात वाचून ज्यांनी मुकाट्याने पान उलटलं, त्यांची मोजदाद कुठेच नाही. आज अनेक जाहिरातींत तशी ओळ नसते. तेच काम कधीकधी शब्द गुपचूप करतात.

म्हणून मी पुन्हा लिहिलं: 'प्रोजेक्ट असिस्टंटची एक जागा भरायची आहे. काम: लोकांच्या मुलाखती घेणे आणि माहितीची नोंद ठेवणे. मराठी चांगलं हवं. एक्सेल आम्ही शिकवू.' पुढे पगाराचा आकडा, आणि 'यावर बोलता येईल'.

एवढ्याने अर्जांचा पाऊस पडेल असा माझा दावा नाही. पण चुकीची निवड निदान नंतर तरी लक्षात येते. न आलेला अर्ज कधीच दिसत नाही.

तुम्ही कधी एखादी जाहिरात वाचून अर्ज न करताच सोडून दिली असेल, तर कोणत्या शब्दापाशी अडलात? मला जरूर कळवा.