व्हीपीएन जुळत नाही तेव्हा

डोंबिवलीच्या घरातली फाइल ठाण्याहून उघडायला व्हीपीएन लागते. एकाच घरातल्या दोन संगणकांना लागत नाही, फोल्डर शेअर केले की पुरे. म्हणून चाचणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनच घ्या.

जोडणी होते, पण फाइल दिसत नाही? दोन्ही घरांचे राउटर बहुधा १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते वाटतात. दोन्ही चाळींत खोली क्रमांक ५ असली की पोस्टमन आपल्याच चाळीत घुटमळतो, तसेच हे. एका राउटरची मालिका १९२.१६८.५० करा.

मुळीच जुळत नसेल, तर राउटरचा वॅन पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असल्यास कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. बाहेरची हाक आत पोचत नाही. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घ्या. वैतागून फायरवॉल मात्र बंद करू नका. त्या फाइलींत वसतिगृहातल्या मुलांचे जातीचे दाखले असतात.