तोंडच उघडेना, तेव्हा भूल कशी देतात?

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ रुग्णाला तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात. घशाचा मागचा भाग किती दिसतो, यावरून श्वासनलिकेत नळी घालणे सोपे जाईल की अवघड, याचा अंदाज येतो. ही तपासणी भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५ मध्ये मांडली. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात.

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावांतून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वाशीम, अकोला किंवा यवतमाळ गाठणाऱ्या रुग्णांत ही तीन बोटे फार मोलाची ठरतात. कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्रास खाल्ला जातो. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाचे आतले अस्तर ताठ होत जाते आणि पुढे तोंडात एक बोटही जेमतेम शिरते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण आखडलेले तोंड बंदीने सैल होत नाही.

पूर्ण भूल दिली की स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरकते, श्वास थांबू शकतो. ऑक्सिजनविना मेंदू चार-पाच मिनिटेच तग धरतो. म्हणून आधी सुमारे तीन मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देऊन फुप्फुसांत साठा करतात. नळी योग्य जागी गेली का, हे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सांगतो. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या सूचनांनुसार नळी घालण्याचे प्रयत्न तिनाच्या पुढे नेऊ नयेत. दर खेपेला घसा आणखी सुजतो. तोंड उघडतच नसेल, तर घसा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच, लवचीक दुर्बिणीवरून नाकावाटे नळी सरकवतात. रुग्णाला हे नकोसे वाटते, पण त्याचा स्वतःचा श्वास चालू राहतो, आणि सगळी सुरक्षितता त्यातच आहे.

सिझेरियन किंवा पायाच्या शस्त्रक्रियेत बहुधा कमरेतून इंजेक्शन देतात. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थोडे ब्युपिव्हॅकेन सोडले, की दोन-तीन तास कमरेखाली वेदना कळत नाही आणि घशाला हातही लावावा लागत नाही. हातासाठी मानेजवळची किंवा काखेतली नस सोनोग्राफीत पाहून बधिर करतात. तरी बधिरता वर चढली किंवा अपुरी पडली तर नळी लागतेच, म्हणून ती तयारी आधीच असते.

बधिरता उतरली की दुखणे सुरू होते. मॉर्फिन ते शमवते, पण श्वासही मंदावते. आखडलेल्या तोंडाच्या रुग्णाला ते जपून देतात आणि मुख्य भार पॅरासिटामॉलवर व नस बधिर करण्यावर ठेवतात.