हैदराबादच्या उन्हाळ्यात आवाज न करणारा पीसी

सिकंदराबादच्या पार्क लेनवर चेनॉय ट्रेड सेंटर आहे. शहरात त्याला सगळे 'सीटीसी' म्हणूनच ओळखतात. सुटे भाग निवडून पीसी जुळवून घ्यायचा असेल, तर हैदराबादकराचे पाय आपोआप तिकडे वळतात. प्रोसेसरचा वेग किती, रॅम किती, वॉरंटी किती, हे प्रत्येक जण विचारतो. आवाज किती, हे विचारणारे फार थोडे, आणि त्यांच्याही हाती बहुधा 'सायलेंट' असं छापलेला एखादा पंखा ठेवला जातो.

खरं तर पंख्याकडे सर्वांत शेवटी वळायला हवं. पंखा फिरतो तो उष्णता बाहेर काढण्यासाठी. उष्णता कमी असेल तर साधा पंखाही सावकाश फिरून भागवतो आणि उष्णता जास्त असेल तर महागातला महाग पंखाही घोंघावतो. म्हणून शांत पीसी हवा असेल तर हिशेब वॅटपासून मांडायचा, डेसिबलपासून नाही. हैदराबादेत तर या हिशेबात आणखी एक आकडा धरावा लागतो, तो म्हणजे खोलीचं तापमान.

आपण जी परीक्षणं वाचून कूलर निवडतो, ती बहुतेक युरोप-अमेरिकेतली असतात. तिथली खोली २० ते २२ अंशांची. मे महिन्यात इथे बाहेर पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि एसी नसलेली खोली दुपारी सहज ३८ अंशांवर जाते. समजा, प्रोसेसर ७५ अंशांच्या वर जाऊ नये असं आपण ठरवलं. २२ अंशांच्या खोलीत कूलरला ५३ अंशांचा फरक मिळतो, ३८ अंशांच्या खोलीत फक्त ३७ अंशांचा. पंख्याचा वेग तोच ठेवला, तर वाहून नेली जाणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे परीक्षणात जो कूलर हलक्या आवाजात १०० वॅट उष्णता काढतो, तोच कूलर इथे तेवढ्याच आवाजात जेमतेम ७० वॅट काढेल. त्यात हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंचीवर आहे. उंचीमुळे आणि उन्हामुळे इथली मे महिन्यातली हवा समुद्रकाठच्या २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते. पंखा एका फेऱ्यात तेवढंच आकारमान ढकलतो, पण त्यातलं वस्तुमान कमी भरतं, आणि उष्णता वाहून नेतं ते वस्तुमान.

एके काळी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटत असे. ईसीआयएल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, १९६७ साली हैदराबादेत उभी राहिली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या टीडीसी-१२ या भारतीय संगणकाचं उत्पादन तिनेच केलं. त्या काळचे संगणक वातानुकूलित दालनात राहत. उष्णता आणि गोंगाट दोन्ही दाराआड. आता गच्चीबावलीतल्या एखाद्या कंपनीसाठी अमेरिकेच्या वेळेने रात्री काम करणारा माणूस, घरून शिकवणी घेणारी शिक्षिका किंवा मराठी पुस्तकांचं ध्वनिमुद्रण करणारा कलाकार, या सगळ्यांच्या कानापासून ते यंत्र हातभर अंतरावर असतं. पलीकडच्या खाटेवर कुणी झोपलेलं असतं. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत २००० सालापासून आहे, पण ती घराबाहेरच्या आवाजासाठी. झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातल्या यंत्राला कुणी नियम लावणार नाही. तो ज्याचा त्यानेच लावून घ्यायचा.

तर आधी वॅट. प्रोसेसरच्या खोक्यावरचा आकडा पूर्ण खरा नसतो. एएमडीचे ६५ वॅटचे म्हणून विकले जाणारे डेस्कटॉप प्रोसेसर भार आला की ८८ वॅटपर्यंत वीज घेतात, आणि इंटेलचे अनेक प्रोसेसर टर्बोत गेले की मूळ आकड्याच्या दुप्पट आणि त्याहूनही वर जातात. पण ही वरची मर्यादा आपल्या हातात असते. चिपमध्ये खर्च होणारी वीज साधारण विद्युतदाबाच्या वर्गाच्या आणि वारंवारितेच्या प्रमाणात असते. दाब १० टक्के उतरला तर केवळ त्यामुळे १९ टक्के वीज वाचते. वेगाचा शेवटचा थोडासा टप्पा गाठण्यासाठी दाब बराच चढवावा लागतो, म्हणून तो टप्पा सर्वांत महाग पडतो. बायोसमध्ये जाऊन वीजमर्यादा खाली आणली, तर वेग किंचित घटतो आणि उष्णता भरपूर घटते. एएमडीच्या मदरबोर्डवर यासाठी 'इको मोड' तयारच असतो. ग्राफिक कार्डाचंही हेच. खेळ किंवा व्हिडिओ संपादन चालू असताना पीसीतला सर्वांत मोठा आवाज बहुधा त्याचाच असतो, आणि त्याची वीजमर्यादा ७०-८० टक्क्यांवर आणणं फुकटात होतं. फुकटचा हा उपाय सोडून लोक आधी पंखे बदलायला का धावतात, हे मला कधी उमगलेलं नाही.

आता पंखा. त्याचं गणित फार सुंदर आहे. हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात बदलतो, पण आवाजाची ताकद फेऱ्यांच्या जवळजवळ पाचव्या घाताने. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दुसरीकडे, एकाच्या जागी दोन सारखे पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. एक पंखा पूर्ण वेगाने फिरवण्याऐवजी दोन पंखे अर्ध्या वेगाने फिरवले, तर हवा तेवढीच आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी. १० डेसिबलचा फरक कानाला दुपटीसारखा वाटतो, हे लक्षात घेतलं म्हणजे या १२ डेसिबलचं मोल कळतं. आकाराचंही तसंच. सगळी मापं सारख्या प्रमाणात वाढली असं धरलं, तर १२० मिलिमीटरच्या पंख्याइतकी हवा १४० मिलिमीटरचा पंखा ६३ टक्के वेगातच देतो. त्यामुळे मोठे, संथ आणि एकाहून अधिक पंखे घ्यावेत. खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण तो मोकळ्या हवेत एकट्या पंख्याचा घेतलेला असतो. तोच पंखा लोखंडी जाळीला चिकटवला की जाळीच्या कडांवर हवा फाटते आणि आवाज चढतो.

आवाज किती आहे याइतकंच तो कसा आहे हेही महत्त्वाचं. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. सात पाती असतील तर एखाद्या आधारदांड्यासमोरून सेकंदाला १७५ पाती जातात आणि १७५ हर्ट्झचा एक सूर उमटतो. छताच्या पंख्याच्या पसरट सळसळीत पीसीची सळसळ बुडून जाते, हा सूर मात्र वर निघतो. चांगले उत्पादक त्यासाठी पात्यांचा बाक आणि आधारदांड्यांचा कोन असा ठरवतात की अख्खं पातं एकाच क्षणी दांडीसमोर येऊ नये. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने २०१८ साली आणलेल्या एका १२० मिलिमीटरच्या पंख्यात पात्यांची टोकं आणि चौकट यांत फक्त अर्धा मिलिमीटर अंतर ठेवलं आहे. साधं प्लास्टिक उष्णतेने आणि वेगाने हळूहळू ताणलं जाऊन पाती चौकटीला घासतील, म्हणून त्यासाठी मुद्दाम ताठ राहणारं बहुवारिक निवडलं. असे पंखे स्वस्त नसतात. पण कुठे खर्च करायचाच असेल तर तो दिव्यांच्या रंगांवर करण्यापेक्षा इथे करावा, असं मी आग्रहाने म्हणेन. निदान बेअरिंग तरी पाहून घ्यावं. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल आपल्या उन्हाळ्यात लवकर आटतं आणि मग पंखा खरखरू लागतो. द्रवदाबावर चालणारं फ्लुइड बेअरिंग जास्त टिकतं आणि शांतही असतं.

पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पीसीला ३०० वॅट लागत असतील आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भिंतीतून ३७५ वॅट ओढले जातात आणि ७५ वॅटची नुसती उष्णता होते. कार्यक्षमता ९० टक्के असेल तर वाया जातात फक्त ३३ वॅट. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का म्हणूनच आवाजाच्याही कामाचा. मात्र या शिक्क्याची चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या तापमानात होते. कमी भारावर ज्याचा पंखा अजिबात फिरत नाही असा एसएमपीएस मे महिन्यात इथे लवकर जागा होणार, हे गृहीत धरून क्षमता थोडी जास्त घ्यावी.

कॅबिनेटबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. आतून फोम लावलेलं, समोरून बंद असलेलं 'सायलेंट' कॅबिनेट हैदराबादेत घेऊ नये. पंख्याच्या १७५ हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे दोन मीटर असते आणि ती लाट काही मिलिमीटरच्या फोममध्ये शोषली जात नाही. फोम अडवतो ती वरच्या पट्टीतली शीळ आणि हवेची वाट. वाट अडली की पंखे वेग वाढवतात आणि सगळी कमाई वाया जाते. थंड देशात हा सौदा जमतो, इथे समोर बारीक जाळी असलेलं कॅबिनेटच अधिक शांत ठरतं. पत्रा मात्र जाड हवा. पातळ पत्र्याचं कॅबिनेट हार्ड डिस्कच्या थरथरीने परातीसारखं वाजतं. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क १२० हर्ट्झने हादरत असते. ती रबरी वायसरवर बसवावी किंवा तिच्या जागी एसएसडी घ्यावी. एसएसडीत हलणारं काहीच नसतं.

हे सगळं जुळलं तरी एक काम उरतं. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड क्षणोक्षणी बदलू शकतो आणि कारखान्यातून येणारी मांडणी बहुधा उतावळी असते. ब्राउझरचं एक पान उघडलं की पंखे चढतात, मग उतरतात. कान स्थिर आवाजाला सरावतो, चढउताराला नाही. बायोसमध्ये पंख्याची वक्ररेषा सपाट करावी आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायला सांगावं. उन्हाळ्यासाठी एक आणि थंडीसाठी दुसरी, अशा दोन मांडण्या जपून ठेवाव्यात. इथल्या डिसेंबरच्या रात्री मांडणी बरीच खाली आणता येते.

बाकी धूळ. हे शहर ग्रॅनाइटवर वसलं आहे आणि पश्चिमेकडे खडक फोडून इमारती उठत आहेत. ती बारीक धूळ जाळीवर आणि कूलरच्या पत्र्यांमध्ये बसते, हवा अडते आणि सहा महिन्यांपूर्वी शांत असलेला पीसी घोंघावू लागतो. जाळी महिन्याला झटकावी, कूलर उन्हाळ्याच्या तोंडी ब्लोअरने साफ करावा आणि तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. तांदूरच्या फरशीवर कॅबिनेट थेट ठेवू नये. बहुतेक कॅबिनेटांत एसएमपीएस हवा खालून घेतो आणि फरशीलगतची सगळी धूळ आत ओढतो. वीतभर उंच स्टूल पुरतं. त्याखाली रबराचा तुकडा घालावा आणि कॅबिनेट भिंतीच्या कोपऱ्यापासून थोडं पुढे ओढावं, कारण कोपरा खालच्या पट्टीतला आवाज वाढवतो आणि मागून निघालेली गरम हवाही परत आत पाठवतो.