रंग उडालेली गिटार

जुन्या वस्तूची पारख करताना आपण सहसा तिचा रंग, झिलई आणि अखंडपणा पाहतो. वाद्याला मात्र ही कसोटी नेहमीच लागू पडते असे नाही. वाचकहो, आयर्लंडमधील एका विद्युत गिटारीची हकीकत या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे.

आधी हे वाद्य समजून घेऊ. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारीला पोकळ पेटी असते. तारेचा नाद त्या पोकळीत घुमून मोठा होतो. स्ट्रॅटोकास्टरसारख्या विद्युत गिटारीचे अंग भरीव लाकडाचे असते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक बसवून त्यांभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. तार छेडली की त्या वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याला मोठ्या नादाचे रूप देतो. ही स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून प्रथम बाहेर पडली. वादकाच्या अंगाला कडा रुतू नयेत म्हणून तिचे लाकूड उतरते तासलेले असे.

१९६१ साली घडलेली अशी एक गिटार पुढे आयर्लंडच्या कॉर्क शहरातील एका दुकानात विक्रीस आली. १९६३ साली अवघ्या पंधरा वर्षांच्या रोरी गॅलाहर या मुलाने ती १०० पौंडांना, हप्त्यांनी, विकत घेतली. एखाद्या सामान्य कुटुंबाला ही रक्कम केवढी वाटली असेल, याची कल्पना आपण करू शकाल! त्या मुलाने मात्र ते ऋण पुरेपूर फेडले. पुढे तो देशोदेशी गाजला. १९७० नंतरच्या दशकात दंगलींच्या भयाने परके कलावंत बेलफास्टला येण्याचे टाळीत. तेव्हाही तो तेथे जाऊन वाजवीत असे.

आता त्या गिटारीकडे पाहा. घामाने आणि घर्षणाने तिचा रंग जवळजवळ उडून गेला व खालचे लाकूड उघडे पडले. पडदे झिजले, बदलले, पुन्हा झिजले. सहा खुंट्यांपैकी एक इतर पाचांहून निराळी आहे. नव्याचा सोस असलेला ग्राहक यांना दोष म्हणेल. पण हीच तिच्या सेवेची नोंदवही होय. पुढे कारखान्याने तिच्या प्रतिकृती काढल्या, त्या मुद्दाम रंग उडवून!

१९९५ साली रोरी निवर्तला. त्याचा वाद्यसंग्रह भावाने जतन केला. ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, लंडनच्या लिलावात या गिटारीला शुल्कासह ८,८९,४०० पौंड आले. हा ठेवा परदेशी जाऊ नये, अशी अनेक आयरिश रसिकांची तळमळ होती. सुदैवाने तेथीलच एका जलसे भरविणाऱ्या व्यावसायिकाने ती घेऊन राष्ट्रीय संग्रहालयाला अर्पण करण्याचे ठरविले.

आपल्याही घरी आजोबांची पेटी किंवा आजींचा तंबोरा असेल. त्याला नवे रोगण लावण्यापूर्वी क्षणभर थांबा. धूळ पुसा, जाणकाराकडून तारा व भाते तपासून घ्या आणि ते वाद्य कोणी, केव्हा वाजविले हे लिहून ठेवा. मग ते घरातील एखाद्या मुलाच्या हाती द्या.