तळहाताला कळणारा कोन

स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरची नक्षी समोर येते. आता चाकाजवळ उकिडवं बसून तळहात त्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एकीकडे हात सरसर गेला आणि परतताना रबराचे बारीक दाते बोटांना अडले, तर डोळ्यांना न दिसणारा एक कोन तुमच्या हाताने पकडला आहे. हात बाहेर येताना अडला तर टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली. आत जाताना अडला तर टो-आउट.

हा कोन असतो तरी केवढा? समजा, अर्धा अंश. आकाशात पौर्णिमेचा चंद्र साधारण तेवढीच जागा व्यापतो. 14 इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत त्याने जेमतेम 3 मिलिमीटरचा फरक पडतो. पण गाडी सरळ चालली असताना चाकाचं तोंड एवढंसं जरी वाकडं असलं, तरी दर किलोमीटरला त्या चाकाची आडवी ओढाताण होते सुमारे पावणेनऊ मीटर. पुणे ते मुंबई साधारण 150 किलोमीटर धरलं, तर तेवढ्यात सव्वा किलोमीटरहून जास्त!

रबर लवचीक असतं, म्हणून एवढं सगळं अंतर ते घसरत नाही. नक्षीतला ठोकळा रस्त्याला टेकतो, आडवा ताणला जाऊन वाकतो आणि रस्ता सोडताना झटक्यात जागेवर येतो. घासतो तो मुख्यतः त्या सुटण्याच्या क्षणी. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हे एकदा घडतं आणि एका किलोमीटरला फेरे होतात पाचशेच्या वर. ठोकळ्याची एक कड गोलसर होते, दुसरी धारदार राहते. हाताला लागले ते दाते हेच.

‘माझी गाडी सरळ पळते, म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे,’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण टो बिघडल्याने गाडी एका बाजूला ओढतेच असं नाही. खड्ड्यात आपटून, स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा एकच टाय रॉड वाकला, तरी चालत्या गाडीत दोन्ही पुढची चाकं तो दोष आपसात निम्मानिम्मा वाटून घेतात. गाडी सरळ जाते, टायर दोन्ही खाल्ले जातात आणि चुगली करतं ते स्टिअरिंग: सरळ रस्त्यावरही ते थोडं तिरकं धरावं लागतं.

कँबरची गोष्ट वेगळी. यात चाक समोरून पाहिल्यावर आत किंवा बाहेर कललेलं असतं. कागदी पेला आडवा करून ढकलला की तो सरळ न जाता गोल फिरतो. कललेल्या चाकालाही तसंच वळायचं असतं, पण गाडी त्याला सरळ ओढत नेते. झिजते एकच कड, आणि तीही गुळगुळीत. दाते जवळपास लागत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचं सस्पेन्शन असतं आणि कँबर बदलायची सोयच नसते. तेव्हा तो बिघडला असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय हे नक्की.

प्रत्येक झीज कोनामुळेच होते असं नाही. मधली पट्टी झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मात्र रोज आंबा किंवा वरंध घाट चढणाऱ्याच्या बाहेरच्या कडा हवा ठीक असूनही लवकर जातात. जागोजागी खळगे पडले असतील, तर बॅलन्सिंग आणि शॉकअप बघा.

मग सगळे कोन शून्य का नाही करत? कारण गाडी उभी असते तेव्हाचा कोन आणि चालते तेव्हाचा कोन एक नसतो. चालताना रस्ता चाकांना मागे रेटतो, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश दबतात आणि चाकांची तोंडं किंचित बाहेर फिरतात. म्हणून मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढची चाकं सहसा थोडी आत वळवून ठेवतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत इंजिनच्या जोराने ती उलट आत वळू पाहतात, म्हणून तिथे टो शून्याजवळ किंवा थोडा बाहेर ठेवतात. धावताना सरळ राहावीत म्हणून चाकं मुद्दाम वाकडी बसवायची! मला तरी या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

अलाइनमेंटच्या दुकानात पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले की गिऱ्हाईक खूश होतं. त्याआधी चाक जॅकवर उचलून हलवून बघायला सांगा. घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवल्यावर खडखडलं तर संशय टाय रॉड एंडवर. 12 आणि 6 च्या जागी खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटवर. हा ढिलेपणा तसाच ठेवून केलेलं अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतही टिकेल याचा भरवसा नाही. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली असेल, तर टायरच बदला. ती कायद्याची मर्यादा आहे. टायरमध्ये जीव असेल, तर कोन दुरुस्त झाल्यावरही जुने दाते लगेच जात नाहीत. ते झिजेपर्यंत टायर घोंघावतो. तेवढ्यासाठी दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा दुकानात जाऊन बरोबर बसवलेला कोन हलवून घेऊ नका.