गेलेल्यांची सोबत

‘द टायगर हू केम टू टी’ हे १९६८ सालचे इंग्रजी चित्रपुस्तक आजही मुलांचे लाडके आहे. त्याच्या लेखिका आणि चित्रकार ज्युडिथ केर यांचा जन्म १९२३ साली बर्लिनमधील ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये या कुटुंबाला देश सोडावा लागला. पुढे लंडन ही त्यांची कर्मभूमी ठरली.

२००६ मध्ये त्यांचे पती, लेखक नायजेल नील, निवर्तले. बावन्न वर्षांचा संसार संपला. त्यानंतर २०११ साली ‘माय हेन्री’ प्रसिद्ध झाले. त्यातील वृद्धा पाहणाऱ्याला नुसती खुर्चीत बसलेली वाटते. मनाने मात्र ती दिवंगत पतीसोबत अद्भुत सफरी करीत असते. वयाच्या ९५ व्या वर्षी, २०१९ मध्ये निधन होईपर्यंत केर यांचे काम सुरू होते.

घरातील ज्येष्ठ व्यक्ती गेलेल्या जोडीदाराविषयी बोलू लागली, की आपण काळजीपोटी विषय बदलतो. त्यापेक्षा शेजारी बसावे, जुना फोटो काढावा, ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारावे. आठवण काढताना डोळे पाणावले, तरी मन हलके होते.