विश्वचषकाच्या उंबरठ्यावरचं क्रिकेट

टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या वेळापत्रकात नेपाळ, नामिबिया, इटली अशी नावं दिसली की आपण कौतुकाने बघतो आणि भारताच्या सामन्याकडे वळतो. हे संघ तिथवर आले कसे, ही गोष्ट मात्र मागेच राहते. ती घडते पात्रता स्पर्धेत. चुरशीच्या बाबतीत ही स्पर्धा मला अनेकदा मुख्य विश्वचषकाहून सरस वाटते.

सुरुवात बेलफास्टची

पहिली पात्रता स्पर्धा ऑगस्ट २००८ मध्ये बेलफास्टला झाली. संघ सहाच होते. अंतिम सामना पावसाने धुऊन नेला आणि आयर्लंड व नेदरलँड्स यांना विजेतेपद वाटून मिळालं. पुढच्याच वर्षी याच नेदरलँड्सने लॉर्ड्सवर यजमान इंग्लंडला शेवटच्या चेंडूवर हरवलं. २०१० ची स्पर्धा अमिरातीत झाली. तिथे अंतिम फेरीत आयर्लंडला हरवून अफगाणिस्तान प्रथमच विश्वचषकात आला. २०२४ मध्ये तो उपांत्य फेरीत खेळला.

पुढे संघ वाढत गेले. २०१३ साली अमिरातीत १६ संघ उतरले आणि सहा जागा होत्या. नेपाळने हाँगकाँगला शेवटच्या चेंडूवर हरवून आपली जागा पक्की केली.

जागा किती, दार कोणतं

२०२४ आणि २०२६ च्या विश्वचषकांत २० संघांची सोय होती. यजमान, आधीच्या स्पर्धेत वरच्या क्रमांकावर राहिलेले संघ आणि क्रमवारीतले पुढचे संघ अशा १२ जणांना थेट प्रवेश होता. उरलेल्या आठ जागा खंडनिहाय पात्रता फेऱ्यांतून भरल्या गेल्या. कसोटी खेळणाऱ्या देशालाही इथे सवलत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये विंडहोक इथे झिम्बाब्वे नामिबियाकडून हरला, मग युगांडाकडूनही हरला आणि २०२४ च्या विश्वचषकाला मुकला. त्याच्या जागी युगांडा गेला. गयानात पापुआ न्यू गिनीविरुद्ध युगांडाच्या ४३ वर्षांच्या फ्रँक न्सुबुगाने चार षटकांत अवघ्या चार धावा देऊन दोन बळी घेतले आणि त्याच्या देशाने विश्वचषकातला पहिला विजय मिळवला.

धावगतीचा हिशेब

या स्पर्धांत साखळीचे सामने मोजकेच असल्याने दोन संघांचे गुण वारंवार समान होतात आणि निकाल निव्वळ धावगतीवर जातो. आपण षटकामागे किती धावा केल्या त्यातून षटकामागे किती दिल्या ते वजा करायचं, इतकंच हे गणित. संघ सर्वबाद झाला, तर त्याची पूर्ण २० षटकं धरली जातात.

जुलै २०२५ मध्ये हेग इथे युरोपची फेरी झाली. शेवटच्या दिवशी इटलीने नेदरलँड्सविरुद्ध २० षटकांत १३४ धावा केल्या, म्हणजे षटकामागे ६.७०. नेदरलँड्सने १६.२ षटकांत १३५ गाठल्या, म्हणजे सुमारे ८.२७. इटलीला या सामन्यात साधारण दीडचा फटका बसला. त्याच दिवशी जर्सी या चिमुकल्या बेटाच्या संघाने स्कॉटलंडला शेवटच्या चेंडूवर एका गड्याने हरवलं होतं. इटली आणि जर्सी दोघांचे पाच-पाच गुण झाले. आधीच्या सामन्यांत कमावलेली धावगती इटलीला पुरली आणि सामना हरूनही हा देश पहिल्यांदा विश्वचषकात गेला. नेदरलँड्सने आणखी काही षटकं आधी काम उरकलं असतं, तर तीच जागा जर्सीला मिळाली असती. हरणाऱ्या संघाने एकेक धाव अडवण्यासाठी जीव तोडून क्षेत्ररक्षण करावं, असे सामने इथेच पाहायला मिळतात.

६ बाद १९

ऑक्टोबर २०१९, दुबई. पात्रता स्पर्धेतला पापुआ न्यू गिनीचा शेवटचा साखळी सामना केनियाशी होता आणि धावफलक होता ६ बाद १९. यापूर्वी या देशाची विश्वचषकाची संधी हुकतच आली होती. तिथून नॉर्मन वानुआने ५४ धावा काढल्या आणि संघ ११८ पर्यंत पोहोचला. केनिया ७३ धावांत गुंडाळला गेला. तरीही काम पूर्ण झालं नव्हतं. नेदरलँड्सने स्कॉटलंडला ठरावीक षटकांच्या आत हरवलं असतं, तर गटात ते वर गेले असते. नेदरलँड्स जिंकले, पण तेवढ्या वेगाने नाही. पापुआ न्यू गिनी पात्र ठरला. पोर्ट मोर्स्बीजवळच्या हनुआबाडा गावात घरं पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी आहेत आणि देशाचे अनेक क्रिकेटपटू याच एका गावातून आले आहेत. त्या विजयाचं मोल गावात काय असेल, याची कल्पना करता येते.

नोकरी सांभाळून

यातल्या बऱ्याच खेळाडूंना क्रिकेटवर घर चालवता येत नाही. मराठी वाचकाला यातलं एक नाव ओळखीचं आहे: सौरभ नेत्रावळकर. मुंबईकडून रणजी खेळून तो शिक्षणासाठी अमेरिकेत गेला आणि ओरॅकलमध्ये अभियंता झाला. २०२४ मध्ये पाकिस्तानविरुद्धची त्याची सुपर ओव्हर सगळ्यांनी पाहिली. मात्र २०२२ मध्ये बुलावायोच्या पात्रता स्पर्धेत त्याच्या अमेरिकेला उपांत्य फेरीत नेदरलँड्सने रोखलं होतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०२४ ला अमेरिका आत आली ती यजमान म्हणून.

काय गमावलं

संघ २० झाले हे चांगलंच झालं. पण २०२४ आणि २०२६ साठी सगळ्या खंडांना एकत्र आणणारी जागतिक फेरी झालीच नाही. नेपाळ विरुद्ध स्कॉटलंड, नामिबिया विरुद्ध कॅनडा असे सामने पात्रतेच्या टप्प्यावर होईनासे झाले. युरोपात दोनच जागा असल्याने स्कॉटलंडसारखा तयार संघ हेगमधूनच परतला. निदान शेवटच्या तीन-चार जागा तरी आयसीसीने जागतिक फेरीसाठी राखून ठेवायला हव्यात.